फुटपाथवरचं मूल आणि दोन वेगळी दारं

फुटपाथवर राहणाऱ्या बाईकडे एक पिशवी असते. बहुतेक वेळा साड्यांच्या दुकानातली, जाड प्लॅस्टिकची, वरचं नाव पुसट झालेली. आत बाळाचं लसीकरणाचं कार्ड, सरकारी दवाखान्यातला डिस्चार्जचा कागद, भावाच्या आधारकार्डाची झेरॉक्स, कधी गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेचा दाखला. पावसाळ्यात ही पिशवी आणखी एका पिशवीत जाते आणि रात्री उशाखाली. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने ही पिशवी उचलायची. डबे, अंथरूण, स्टोव्ह गेला तर गेला. अर्ज भरून द्यायला म्हणून मी अशा वस्त्यांवर जायला लागले, तेव्हा मला वाटायचं की या लोकांकडे कागदच नसतात. पण कागद असतात. त्यांवरचा पत्त्याचा रकाना तेवढा कोरा असतो, नाहीतर कुणा दूरच्या नातेवाइकाचा असतो.

"रस्त्यावरच्या मुलांसाठी सरकार काही करतं की नाही?" असं लोक मला हमखास विचारतात. करतं. कायदा चांगला आहे, योजना आहेत, फोन नंबर आहे, काही ठिकाणी जीव ओतून काम करणारी माणसंही आहेत. पण मुलासाठी एक दार आहे आणि त्याच्या आईसाठी दुसरं. ही दारं वेगवेगळ्या इमारतींत आहेत आणि एका दारातला माणूस दुसऱ्या दारातल्याला सहसा ओळखत नाही. मुलाचं दार राज्य सरकारच्या महिला व बाल विकास विभागाचं. आईचं, म्हणजे बेघरांच्या निवाऱ्याचं दार महापालिकेचं. माझ्या मते सगळा गुंता इथेच आहे. तो नीट कळला तर बातम्यांमध्ये येणाऱ्या अर्ध्या गोष्टींचा अर्थ लागतो.

आधी नावाचा एक घोळ निस्तरते. महापालिकेत 'महिला व बालकल्याण समिती' असते. ती नगरसेवकांची समिती; शिलाई मशिनी, प्रशिक्षण वर्ग, पाळणाघरं अशा गोष्टींसाठी तिच्याकडे तरतूद असते. जिल्ह्यात 'बालकल्याण समिती' असते, तिचा नगरसेवकांशी काही संबंध नाही. ती बाल न्याय अधिनियम २०१५ खाली नेमलेली, एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची समिती असते. त्यात किमान एक महिला आणि मुलांच्या विषयातला एक जाणकार असलाच पाहिजे. या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याइतके अधिकार आहेत. मूल कुठे राहणार हे ती ठरवते. नावात दोनच शब्दांचा फरक, त्यामुळे लोक पालिकेत चकरा मारतात आणि तिथला शिपाई "इथे नाही, तिकडे" म्हणतो. हे 'तिकडे' म्हणजे बहुधा शहराच्या दुसऱ्या टोकाचं सरकारी बालगृह, कारण समितीची बैठक शक्यतो तिथेच भरते.

या समितीसमोर काय होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण आयांना सगळ्यात जास्त भीती याच जागेची वाटते. पोलिसाला, एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याला किंवा तुमच्या-माझ्यासारख्या कुणालाही काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल दिसलं, तर ते २४ तासांच्या आत समितीसमोर आणायचं असतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. समितीने महिन्यात किमान २० दिवस बसावं असा नियम आहे. खोली कोर्टासारखी दिसता कामा नये, सदस्यांनी उंच चौथऱ्यावर बसू नये, मुलासमोर कठडा नसावा, मुलाशी बोलणारा पोलीस शक्यतो साध्या कपड्यांत असावा, हेही नियमांत लिहिलेलं आहे. मग समिती चौकशीचा आदेश देते. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत यावा आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा अशी अपेक्षा असते. घर कसं आहे, कोण कमावतं, मारहाण होते का, शाळा आहे का, मुलाला स्वतःला काय हवंय, हे सगळं त्या अहवालात यायला हवं.

एकदा एका जिल्ह्यातल्या समितीच्या बाहेरच्या बाकावर मी अशाच एका बाईबरोबर सकाळपासून बसले होते. नाव-गाव सांगत नाही. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि ते योग्यच आहे. तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा आदल्या रात्री सिग्नलला गजरे विकताना सापडला होता. आत बोलावल्यावर सदस्यांनी विचारलं, "राहता कुठे?" ती म्हणाली, "पुलाखाली, एक्केचाळीस नंबरच्या खांबापाशी." कागदावर 'बेघर' असं लिहिलं गेलं. पण त्या दिवशी आलेल्या तरुण कार्यकर्तीने तो खांबाचा नंबर आपल्या वहीत टिपून घेतला आणि संध्याकाळी खरोखर तिथे गेली. तिला तिथे मुलाची मावशी भेटली, विटांची चूल दिसली, खिळ्याला टांगलेलं शाळेचं दप्तर दिसलं. बाजूच्या चहावाल्याने सांगितलं की बाई दारू पीत नाही, मुलाला हात लावत नाही. तिच्या अहवालावर मुलगा आईकडे परत गेला, देखरेखीच्या अटीवर. 'बेघर' एवढाच शब्द कागदावर राहिला असता तर तो कदाचित काही महिने बालगृहात असता आणि आई दर आठवड्याला त्या बाकावर.

कायदा काय म्हणतो ते बघू. रस्त्यावर राहणारं, भीक मागणारं किंवा बालमजुरी करणारं मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' या व्याख्येत बसतं. म्हणजे फुटपाथवरचं जवळजवळ प्रत्येक मूल बसतं. पण व्याख्येत बसणं म्हणजे उचलून नेणं नव्हे. त्याच कायद्याच्या तत्त्वांमध्ये लिहिलंय की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. समितीच्या हातात बरेच पर्याय असतात: देखरेखीखाली आईकडे परत देणं, कुटुंबाला दरमहा आर्थिक आधार मिळवून देणं, नातेवाइकांकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात ठेवणं, थोड्या दिवसांसाठी खुल्या निवारागृहात पाठवणं, आणि मग बालगृह. व्यवहारात हा क्रम उलटा होतो, कारण बालगृहाची गाडी तयार असते आणि कुटुंबाला आधार द्यायला सहा कागद लागतात.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने रस्त्यावरच्या मुलांचे तीन गट केले आहेत, ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला गट एकटीच असलेली मुलं: घरातून पळालेली, हरवलेली, रेल्वे स्टेशनवर उतरलेली. दुसरा, दिवसभर रस्त्यावर काम करून किंवा भटकून रात्री जवळच्या झोपडपट्टीतल्या घरी जाणारी. तिसरा, कुटुंबासह रस्त्यावरच राहणारी. पहिल्या गटातल्या मुलासाठी यंत्रणा बऱ्यापैकी कामाला येते. स्टेशनवर सापडलेलं मूल आणि ते गावी पोचवणारा कार्यकर्ता, अशी कामं रोज होतात. दुसऱ्या गटासाठी शाळा आणि पाळणाघर हा उपाय असतो. तिसरा गट मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. तिथे मुलाला घर नाही, पण आई आहे. त्याला खरं तर बालगृहाची गरज नाही. आईसकट राहता येईल अशी जागा हवी आहे. आणि ती जागा देणं बालकल्याण समितीच्या हातात नाही.

म्हणून आता दुसऱ्या दाराकडे जाऊ.

२०१० च्या जानेवारीत दिल्लीच्या थंडीत उघड्यावर झोपलेली माणसं मरत होती. तेव्हा अन्नाच्या हक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात आधीपासून चालू होता, त्यातच निवाऱ्याचा प्रश्न आला. न्यायालयाने मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा हवा, बाराही महिने आणि चोवीस तास उघडा. पुढे २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं आणि त्यात 'शहरी बेघरांसाठी निवारा' ही योजना आली. रचना साधारण अशी: पैसा केंद्राचा आणि राज्याचा, जागा महापालिकेची, रोजचं काम एखाद्या संस्थेकडे. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास-न्हाणी, स्वयंपाकाची सोय, स्वच्छ अंथरूण-पांघरूण, आणि मुलं असतील तर जवळच्या अंगणवाडीशी जोडणी, इतकं सगळं मार्गदर्शक सूचनांमध्ये होतं. पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे, कुटुंबांचे वेगळे, आणि वृद्ध, आजारी, मनोरुग्ण यांचे वेगळे निवारे असावेत असंही होतं.

आता थोडं गणित करते. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. लाखाला एक या हिशोबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही कधी गेलेली नाही. दुसरं गणित खर्चाचं. मूळ सूचनांप्रमाणे ५० माणसांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये. म्हणजे महिन्याला ५० हजार. म्हणजे माणशी महिन्याला हजार, दिवसाला साधारण ३३ रुपये. त्यात व्यवस्थापक, पाळीपाळीने थांबणारे काळजीवाहक, वीज, साफसफाई, औषधं, सगळं बसवायचं. ज्या संस्था हे चालवतात त्या बाकीचे पैसे देणग्या मागून उभे करतात, आणि अनुदानाचा हप्ता वेळेवर आला नाही तर काळजीवाहकाचा पगार आधी थांबतो. मला वाटतं, निवारे रिकामे का, किंवा वाईट अवस्थेत का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या ३३ रुपयांत आहे.

उरलेलं निम्मं उत्तर जागेत आहे. पालिकेला मोकळी सापडते ती जागा पुलाखाली, बंद पडलेल्या शाळेच्या वरच्या मजल्यावर, नाहीतर कचरा डेपोच्या बाजूला. गजरे विकणारं कुटुंब सिग्नलच्या जवळ राहतं, कारण पहाटे फुलबाजारातून माल आणायचा असतो आणि रात्री साडेदहापर्यंत विकायचा असतो. त्यांना सात किलोमीटर दूर, रात्री नऊला दार बंद करणारा निवारा दिला तर ते जात नाहीत. मग "आम्ही सोय केली, त्यांनाच यायचं नाही" असं म्हटलं जातं. ओल्गा टेलिस खटल्यात, १९८५ साली, मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांबद्दलच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. माणूस जिथे कमावतो तिथेच पथारी टाकतो, हे तेव्हाच मान्य झालेलं आहे.

आणि कुटुंबांचे निवारे तर फारच थोडे. पुरुषांसाठी एका हॉलमध्ये वीस खाटा टाकणं सोपं. नवरा, बायको, तीन मुलं आणि सासू यांना एकत्र ठेवायचं तर पडदी-भिंती हव्यात, आडोसा हवा, स्वयंपाकाला जागा हवी. बऱ्याच ठिकाणी तोडगा असा निघतो की बाई आणि लहान मुलं महिलांच्या निवाऱ्यात, नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा कुठेच नाही. महिलांच्या निवाऱ्यात मोठ्या मुलग्याला घेत नाहीत, पुरुषांच्या निवाऱ्यात त्याला एकटं ठेवणं धोक्याचं. मग आई म्हणते, आम्ही पुलाखालीच बरे. मला तिचं म्हणणं पटतं. कुठलीही आई हेच म्हणेल.

ही माणसं आहेत किती? २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेच्या प्रगणकांनी फुटपाथ, पूल, स्टेशनं, देवळांची आवारं हिंडून बेघरांची नोंद केली. देशभरात १७ लाख ७० हजारांहून जास्त माणसं मोजली गेली. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या घरात, उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. बृहन्मुंबईत ५७ हजारांहून जास्त. एका रात्रीत झालेली मोजणी आहे ही. त्या रात्री जो बंद दुकानाच्या फळीमागे झोपला होता तो राहिलाच असणार. पण योजनांची आखणी अजूनही याच आकड्यांवरून होते.

मुंबई-पुण्याच्या पुलांखाली जी कुटुंबं दिसतात त्यांत पारधी समाज मोठ्या संख्येने आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्यातून पुसला गेला, माणसांच्या नजरेतून नाही. गावात जमीन नाही, गावकुसाजवळ पाल टाकलं तर गावकरी उठवतात, चोरी झाली की पोलीस आधी तिथेच येतात. मराठवाड्यात दुष्काळ पडला की शहरातल्या सिग्नलवर माणसं वाढतात. अशा आईला खाकी किंवा सरकारी जीप दिसली की ती मूल उचलून पळते. तिला बालकल्याण समितीचे नियम सांगून उपयोग नसतो. तिच्या आजीलाही कुणीतरी गाडीत घालून नेलेलं असतं.

ही भीती जुनी आहे आणि तिला जागाही आहे. लोक अजून बालगृहाला 'रिमांड होम' म्हणतात. मुंबईत डोंगरीचं मुलांचं गृह ज्या इमारतीत आहे तो एके काळचा तुरुंग. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस तिथेच होते. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ साली झाला, त्यालाही आता शंभर वर्षं उलटली. कायद्याची भाषा बरीच बदलली: 'बालगुन्हेगार' गेला, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आला. पण भिंती त्याच राहिल्या की आईच्या मनातलं चित्रही तेच राहतं.

त्यात भर भिकेच्या कायद्याची. मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम १९५९ चा आहे. पहिल्यांदा दोषी ठरलं तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये हाच कायदा दिल्लीपुरता बऱ्याच अंशी घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात तो पुस्तकावर आहे. मुलांकडून भीक मागवून घेणाऱ्याला बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती असायलाच हवी. त्या टोळ्या खऱ्या आहेत. पण कडेवर स्वतःचं तान्हं घेऊन हात पसरणारी आई आणि भाड्याने आणलेलं मूल फिरवणारी टोळी यांत फरक करायला कुणीतरी खांबापर्यंत चालत जावं लागतं.

आता कागदांकडे येते, कारण माझं रोजचं काम तेच.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची माहिती दवाखानाच पालिकेला कळवतो. म्हणजे पुलाखालच्या कितीतरी मुलांच्या जन्माची नोंद आधीच झालेली असते. दाखला आणायला कुणी गेलेलं नसतं एवढंच. आईला वाटतं नोंद नाही. आपण डिस्चार्जचा कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो की पाच मिनिटांत नोंद सापडते, 'अमकीचं बाळ, पुरुष', नावाचा रकाना रिकामा. नाव नंतर घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत. जन्म फुटपाथवर झाला असेल आणि वर्ष उलटलं असेल तर मात्र दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि तिथे महिने जातात. दाखला नसला तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये ते स्पष्ट आहे, आणि वयाप्रमाणे वर्ग द्यायचा हे कलम ४ मध्ये. मुख्याध्यापकांना हे माहीत असतं, तरी ते आधार मागतात, कारण 'सरल' या सरकारी विद्यार्थी-नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत आधारशिवाय पुढे जाताना त्यांनाच त्रास होतो. त्यांच्यावर रागावून काही मिळत नाही. त्यांच्यासमोर बसून अर्ज भरून दिला की काम होतं.

आधारला पत्ता हवा. इथे निवारा कामी येतो: मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने दिलेलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. म्हणजे निवाऱ्याची किंमत रात्रीच्या छपराहून मोठी आहे. तिथून आधार, आधारवरून बँक खातं, खात्यावरून योजना. बालसंगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, तिच्यात एक पालक गेलेल्या किंवा पालक सांभाळू शकत नाहीत अशा मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून ४,००० रुपये; शहरात त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६ हजारांच्या आत असावं लागतं. पुलाखालच्या विधवेचं उत्पन्न त्यात सहज बसतं, पण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढायला तिला रहिवासाचा पुरावा मागतात. जिला सगळ्यात जास्त गरज तीच पहिल्या खिडकीवरून परत येते.

या बाबतीत निवडणूक आयोगाकडून बाकीच्यांनी शिकावं असं मला मनापासून वाटतं. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा अर्ज भरला तर पत्त्याचा पुरावा मागायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जायचं, माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं, एकाहून जास्त रात्री बघायचं, आणि नाव घालायचं. किती साधी पद्धत आहे! हीच पद्धत रेशनकार्डाला, उत्पन्नाच्या दाखल्याला, बालसंगोपनाच्या अर्जाला का लावू नये? खांब क्रमांक एक्केचाळीस हा पत्ता मतदार यादीला चालतो तर मुलाच्या दुधाच्या पैशांना का चालू नये?

ठाण्याचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून 'सिग्नल शाळा' भरते, ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांची मिळून. जहाजावरच्या मालाच्या कंटेनरमध्ये वर्ग. मुलं सिग्नलवरची, बहुतेक पारधी कुटुंबांतली, मराठवाड्यातून आलेली. सकाळी आधी आंघोळ, धुतलेला गणवेश, खाणं, मग अभ्यास. शाळा मुलांकडे चालत आली, आणि आईच्या नजरेच्या टप्प्यात राहिली. मूल उचललं जात नाही, ते रस्ता ओलांडून शाळेत जातं आणि परत येतं, हे आईला दिसतं. म्हणून ती पाठवते. राज्याच्या महिला व बाल विकास विभागाची 'फिरती पथकं' हीसुद्धा याच विचारातून आली आहेत: एक बस, तीत शिक्षक, समुपदेशक, काळजीवाहक, आणि ती बस वस्तीपाशी येऊन थांबते. शिकवणं, खाऊ, आरोग्य तपासणी, आणि हळूहळू मुलाला नेहमीच्या शाळेत नेणं.

पण अशा कामाच्या मुळावर येते ती त्याच पालिकेची दुसरी गाडी. शिक्षण विभाग मुलाला दप्तर देतो आणि अतिक्रमण विभाग पाल उठवताना तेच दप्तर ट्रकमध्ये टाकतो. दोघेही आपापलं काम करत असतात. एखाद्या सहायक आयुक्ताने ठरवलं तर हे एका बैठकीत थांबू शकतं: ज्या जागी शाळेत जाणारी मुलं आहेत तिथे कारवाईआधी समाजविकास विभागाला कळवायचं, कागद आणि दप्तर जप्त करायचं नाही, आणि त्याच दिवशी कुटुंब निवाऱ्याची जागा दाखवायची. यासाठी मुंबईहून किंवा दिल्लीहून कुठला आदेश यायची वाट बघावी लागत नाही.

गावाकडच्या बाजूने होणारं काम थोडक्यात सांगते, ते वेगळ्या लेखाचं आहे. ग्राम बाल संरक्षण समित्या कागदावर जवळपास सगळीकडे आहेत, सरपंच अध्यक्ष. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे, म्हणजे मूल गावात आजीजवळ राहून शाळेतच जेवतं. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्डही आहे. ते दाखवलं की नव्या गावच्या शाळेने वर्गात घ्यायचं. ज्या वर्षी हे नीट चालतं त्या वर्षी शहरातल्या पुलाखाली काही मुलं कमी येतात.

आणि एक गोष्ट जी फारशी कुणी बोलत नाही. बालगृहातलं मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला बाहेर पडावं लागतं. अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरा पूर्ण झालेल्यांसाठीच्या गृहात, २१ व्या वर्षापर्यंत राहता येतं, पण अशी गृहं मोजकी आहेत, मुलींसाठी तर आणखी कमी. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी एक पत्र्याची पेटी आणि दहावी-बारावीची गुणपत्रिका घेऊन हा मुलगा स्टेशनवर येतो. काल तो एका विभागाचं 'बालक' होता, आज दुसऱ्या विभागाचा 'बेघर'. दोन दारांमधलं अंतर याच्याइतकं स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही. अनाथ मुलांसाठी राज्याने २०१८ पासून शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवलंय, ते चांगलंच आहे. पण त्याचा अर्ज भरेपर्यंतचे महिने काढायला खोली लागते.

आता तुम्ही काय करायचं. रस्त्यावर एखादं मूल अडचणीत दिसलं तर १०९८ ला फोन करा. 'दस-नौ-आठ' असं लोक म्हणतात. हा नंबर १९९६ साली मुंबईत सुरू झाला, टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या एका प्रकल्पातून, आणि २०२३ पासून तो राज्य सरकारच्या महिला व बाल विकास विभागाकडून चालतो, आणीबाणीच्या ११२ या नंबरशी जोडलेला. फोन फुकट आहे आणि चोवीस तास आहे. मुलाचा फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. तो गुन्हा ठरू शकतो. एकटं सोडलेलं किंवा हरवलेलं मूल दिसलं तर कळवणं हे कायद्याने कर्तव्यच आहे, २४ तासांच्या आत.

आणि फोनवर बोलताना नीट माहिती द्या. मूल एकटं आहे की सोबत कुणी मोठं आहे. आई आहे का, भावंडं आहेत का. ते आजारी दिसतंय का, मार लागलाय का, की नुसतं गजरे विकतंय. ते रोज तिथेच असतं की आज पहिल्यांदा दिसलं. 'सिग्नलजवळ' एवढंच सांगू नका, कारण कार्यकर्ती पोचेपर्यंत सिग्नल दहा वेळा सुटलेला असतो. मान वर करून पुलाच्या खांबावर रंगवलेला आकडा वाचा आणि तो सांगा.